आधी प्रिंट काढ

तुझा मेल येऊन नऊ दिवस झाले. पहिल्या दोन दिवसांत लिहिलेलं उत्तर फाडून टाकलं, कारण ते चिडून लिहिलं होतं. तुझ्यावर नाही, कॉलेजसाठी स्वतःच्या कामाबद्दल लिहिलेल्या तुझ्या त्या तीन पानी स्टेटमेंटवर.

इचलकरंजीच्या यंत्रमागांचे तू काढलेले चौदाशे फोटो ड्राइव्हवर आहेत. लंडनच्या कॉलेजचं ऑफर लेटर हातात आहे, गांधीनगरला एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, मुलाखत व्हायची आहे, बाबांनी बँकेत दाखवायला घराचे कागद काढून ठेवलेत. आणि एवढं सगळं मांडून तू मला विचारतेस काय, तर ‘मॅम, माझं काम पुरेसं कन्टेम्पररी आहे का?’

त्या चौदाशेतले कागदावर किती आहेत? एकही नाही ना. वाटलंच होतं.

मग अजून काम झालेलंच नाही गं. ते कन्टेम्पररी आहे की आजोबांच्या काळातलं, हा प्रश्न नंतरचा. आधी प्रिंट काढ. शंभर निवड, फोर बाय सिक्स, कोपऱ्यावरच्या लॅबमधून, मॅट मागून घे. तुझ्या आजीच्या शेडमध्ये एक भिंत तरी रिकामी असेलच. तिच्यावर लाव आणि पंधरा दिवस येता-जाता बघ. बाराव्या दिवशी वीस-पंचवीस फोटो आपोआप खोटे वाटायला लागतील. स्क्रीनवर तसं होत नाही. तिथे सगळंच उजळ दिसतं, बोटाने सरकवलं की गेलं. भिंतीवरचा वाईट फोटो मात्र रोज चहाच्या वेळी तुझ्याकडे बघत राहतो.

तू म्हणशील, मॅम जुन्या वळणाच्या. ठीक आहे, मग तुझ्या त्या ‘कन्टेम्पररी’ लोकांचीच गोष्ट घे. थॉमस रुफ या जर्मन फोटोग्राफरने ड्युसेलडॉर्फमध्ये आपल्या ओळखीपाळखीच्या पोरापोरींचे पासपोर्टसारखे सरळ, भावहीन फोटो काढले. आधी ते लहान होते, वहीच्या पानाएवढे. 1986 पासून त्याने तेच चेहरे 210 बाय 165 सेंटिमीटरचे केले. माणसं तीच, नजरही तीच, पण आता तुम्ही समोर उभे राहिलात की चेहरा तुमच्यापेक्षा मोठा. त्वचेचं छिद्र न् छिद्र दिसतं आणि तरी माणसाबद्दल काही म्हणजे काही कळत नाही. ही कल्पना त्याच्या कुठल्या टिपणात नाही, कागदाच्या मापात आहे. त्याचे गुरू बेर्न्ड बेशर 1976 पासून तिथे शिकवत होते. ते आणि हिला बेशर, दोघा नवरा-बायकोने पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे, भट्ट्या असं सगळं ढगाळ उजेडात वर्षानुवर्षं टिपलं आणि नऊ-नऊ, बारा-बारा प्रिंट ओळीत मांडले. एकटी टाकी म्हणजे नुसती टाकी. शेजारी आणखी आठ आल्या की डोळा तुलना करायला लागतो. शेजार मांडायचा तर हातात कागद हवा.

आपल्याकडच्या फोटोग्राफर दयानिता सिंग यांचंही तेच. एनआयडीत शिकल्या, मग न्यूयॉर्कला गेल्या, 2022 साली फोटोग्राफीतला मोठा हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. त्यांची ‘म्युझियम’ म्हणजे लाकडी घडीचे सांगाडे, ज्यात फोटो काढता, घालता, जागा बदलून लावता येतात. आता सांग, ही फोटोग्राफी आहे की सुतारकाम? मला वाटतं दोन्ही. तुझ्या स्टेटमेंटमध्ये ‘अनुपस्थिती’ अकरा वेळा आलंय, मी मोजलं. जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या, काळ्या बोटांचा जो एक फोटो तू मेलमध्ये मधेच चिकटवलायस, त्याच्याबद्दल मात्र एक ओळ नाही. तो तुझा सगळ्यात चांगला फोटो आहे. तुला ते माहीत नाही, कारण तू तो अंगठ्याच्या नखाएवढाच बघितलायस.

कॉलेजचं थोडक्यात सांगते, कारण त्यात फार काही नाही. युकेतलं एमए बहुतेक ठिकाणी वर्षात उरकतं. त्यातले तीन महिने थंडीची सवय होण्यात जातात. एनआयडीत त्याहून जास्त वेळ मिळतो. दिल्लीला जामिया विद्यापीठाचा फोटोग्राफीचा डिप्लोमा आहे, तोही बघ. नावावर जाऊ नकोस. तिन्ही ठिकाणी शिकून गेलेल्या कुणाला तरी गाठ आणि दोनच गोष्टी विचार. प्रिंटरूम रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते? आणि क्रिट, म्हणजे सगळ्यांसमोर कामाची चिकित्सा, भिंतीवर होतं की प्रोजेक्टरवर? प्रोजेक्टरवर होत असेल, तर त्यासाठी बाबांच्या घराचे कागद बँकेत ठेवायची गरज नाही. प्रोजेक्टर इचलकरंजीतही आहे.

फोटोग्राफीवर बोलायची ‘ती भाषा’ येत नसल्याची तुझी रडही सोड. फोटोग्राफीचा वर्ग मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये 1855 साली निघाला होता आणि त्यात आपली माणसं होती. त्या काळचे फोटोग्राफर हरिश्चंद्र चिंतामण तिथेच शिकले. हे माध्यम आपल्याकडे काल आलेलं नाही की तू दारात चपला काढून उभी राहावीस.

आता माझं. तू विचारलं नाहीस, पण सांगितल्याशिवाय माझा हट्ट तुला कळायचा नाही.

मी 2006 ते 2013, सात हंगाम, एका ऊसतोड टोळीबरोबर होते. बीडमधल्या धारूरकडची माणसं, दिवाळीच्या आगेमागे सांगलीतल्या वाळव्याच्या बाजूला यायची. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे मला तिथे कळलं. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडेपर्यंत सुटका नाही. पहाटे तीनला बाया कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, चूल पेटवायच्या, त्या उजेडात मी फोटो काढायचे. धुरातले हात, गाडीवर मोळ्या चढवताना वाकलेल्या पाठी, पाचटात निजलेली पोरं. माझ्या मते तेच माझं काम होतं, मोठं, गंभीर.

हंगाम संपताना बाया म्हणायच्या, “ताई, आमचा फोटू दे की.” मग नवं लुगडं नेसून, पदर सारखा करून, कडेवर पोर घेऊन सरळ उभ्या राहायच्या. मी काढून द्यायचे, लॅबमधून प्रिंट आणून वाटायचे. ते काम नव्हतं, ते देणं होतं. मोजत नव्हते.

पदव्युत्तरच्या शेवटच्या परीक्षणात बाहेरून आलेल्या परीक्षकाने माझे धुराचे फोटो पडद्यावर भराभर पुढे सरकवले आणि म्हणाला, “हे सगळं बघितलेलं आहे.” मी भांडले नाही. ते फोटो डिस्कवर ठेवून दिले, नंतर कधीतरी बघू म्हणून. 2014 मध्ये डिस्क गेली. पुण्यात दोन ठिकाणी दाखवली. एकाने पैसे घेतले, दुसऱ्याने तेवढी सभ्यता दाखवली की घेतले नाहीत. दुसरी प्रत? नव्हती. विचारू नकोस.

दोन वर्षांनी धारूरकडे गेले. एका घरात पत्र्याची पेटी उघडली, खाली रेशनकार्ड, वर प्लॅस्टिकच्या पिशवीत माझे प्रिंट. दुसऱ्या घरात आणखी. एक तर हार घातलेला, ती बाई आदल्या वर्षी गेली होती. सगळे मिळून एक्केचाळीस निघाले. सात वर्षांतलं तेवढंच उरलं.

आणि आता मला बोचतं ते हे, की ते माझ्या धुराच्या फोटोंपेक्षा चांगले आहेत. नुसते वाचलेत म्हणून नव्हे. कसं उभं राहायचं ते त्या बायांनी ठरवलं होतं. फोटोग्राफर गौरी गिल यांनी जव्हारकडच्या मुखवटे घडवणाऱ्या कलाकारांना रोजच्या आयुष्याचे मुखवटे करायला सांगितले, तेच चढवून तिथली माणसं दुकानात, घरात, बाकावर बसली आणि मग फोटो झाले. ते काम जगभर दाखवलं गेलं. ते बघताना मला जळायला झालं, खोटं कशाला बोलू. फोटोतल्या माणसाला फोटोत काही म्हणायचं असतं, हे माझ्या हातात सात वर्षं होतं आणि मी त्याला ‘देणं’ म्हणून बाजूला ठेवत होते.

आमचे हे म्हणतात, डिस्कचं निमित्त करून तू प्रदर्शन टाळतेस. एक्केचाळीस प्रिंटचं होतं की प्रदर्शन. असेल तसं. पण ते प्रिंट माझे नाहीत, परत मागायला माझी जीभ उचलत नाही. मी मोबाइलवर त्यांचे फोटो काढून आणलेत आणि हो, त्यांच्याही प्रिंट काढल्यात, हसू नकोस.

तेव्हा कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी प्रिंट काढ. एक संच भिंतीला आणि एक त्यांना, ज्यांचे आहेत. सुताच्या कांड्या भरणाऱ्या मावशींना दे, जॉबरला दे. त्याला त्याची बोटं दाखव आणि तो काय म्हणतो ते ऐक. तो म्हणेल, “चेहरा कुठाय माझा?” मग काय करायचं ते तुझं तू बघ. स्टेटमेंट त्यानंतर लिही, मराठीत लिही, इंग्रजी मी करून देईन.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी मी इचलकरंजीला येतेय. आजींना सांग, जेवायला थांबेन, पण भिंत आधी बघेन. टाचण्या विकत आणू नकोस, माझ्याकडे डबाभर पडून आहेत.