छोटा धंदा, डोक्यात मोठ्या कल्पना आणि समोर रोजचं काम: तोल कसा साधायचा?

तुमचा प्रश्न असा की, नव्या कल्पनेच्या मागे लागलं की रोजचं काम तुंबतं आणि रोजचं काम उपसत बसलं की कल्पना तशाच राहून जातात. मग करायचं काय?

मी कोल्हापुरात कांदा-लसूण मसाला करून विकते. सुरुवात घरच्या गच्चीवर झाली, आता मला धरून पाच बायका, एक कांडप मशीन आणि भाड्याचा गाळा आहे. तोल मला अजूनही साधत नाही, पण त्यापायी एकदा चांगला फटका बसला, तो सांगते.

तिसऱ्या वर्षी डोक्यात आलं की एका मसाल्यावर काय भागतंय, पाच प्रकार काढू. मटण, मिसळ, अंडाकरी वगैरे, आणि प्रत्येकाचं वेगळं रंगीत छापील पाऊच. छपाईवाला म्हणाला, प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, त्याचे पैसे आधी, आणि थोडा माल छापून मिळणार नाही. मी हो म्हणून बसले. हे जानेवारीत. लगेच मिरचीचा हंगाम लागला. ब्याडगी आणि गडहिंग्लजची जवारी वर्षाची एकदम भरून ठेवायची ती याच दिवसांत. पैसे मात्र पाऊचात अडकलेले. मग उधारीवर मिळेल ती मिरची उचलली. देठं खुडताना बायका एकमेकींकडे बघत होत्या, बोललं कुणी नाही. मे महिन्यात नेहमीच्या एक काकू अर्धं पाकीट घेऊन आल्या. "यंदा रश्श्याला कटच येत नाही गं," एवढंच म्हणाल्या. पैसे परत मागितले असते तर कमी लागलं असतं.

पुढच्या वर्षी उलाढाल १२ लाखांच्या वर गेली. तेव्हा तेवढ्यापर्यंत नुसती अन्न नोंदणी चालायची, वर गेलं की परवाना काढायचा. दोन्हींचे नंबर १४ आकडी, पण नोंदणीचा २ ने सुरू होतो आणि परवान्याचा १ ने. माझ्या त्या देखण्या पाऊचांवर जुना नंबर! चूक कुणाची नाही, माझीच. पोतंभर पाऊच अजून माळ्यावर पडलेत. बायका त्यातून कडधान्यं बांधून नेतात.

आता माझ्याकडे एक वही आहे. कल्पना आली की तारीख घालून लिहायची आणि फेब्रुवारी ते मे वही उघडायची नाही म्हणजे नाही. उघडायची श्रावणात. चातुर्मासात कितीतरी घरांत कांदा-लसूण बंद असतो, आमचा खप बसतो, हात मोकळे असतात. तुमच्या धंद्यालाही असा मंदीचा महिना असणारच, आधी तो हुडका. तोवर निम्म्या कल्पना आपोआप गळतात. एका पानावर माझ्याच अक्षरात 'मसाला कॅफे' लिहिलंय. काय मनात होतं, देव जाणे.

जी कल्पना उरते तिला एकच घाणा द्यायचा. १० किलो माल, साधं पाऊच, वर स्टिकर. विकायचा नेहमीच्या गिऱ्हाइकांना आणि पुऱ्या दरानं. फुकट वाटला की सगळे छानच म्हणतात. दुसऱ्यांदा मागायला किती जण आले ते मोजायचं. मिसळ मसाला असा टिकला. मटण मसाल्याला बायकांनी सरळ सांगितलं, तुमचाच कांदा-लसूण मटणाला चालतो की. आणि सगळ्यात चांगला चाललाय तो बिनकांद्याचा काळा मसाला, जो त्या पाच प्रकारांत नव्हताच. श्रावणात रिकामं बसल्यावर सुचला.

आणखी एक, कल्पनेमागे पळायचं तर तुमच्या जागी उभं राहणारं माणूस हवं. आमच्याकडे सगळा खेळ तळलेल्या कांद्यावर असतो. तो ओलसर राहिला तर पावसाळ्यात मसाल्याच्या गुठळ्या होतात, बुरशी धरते. पूर्वी कांदा झाला की नाही हे मीच बघायची, त्यामुळे गाळा सोडता यायचा नाही. आता एकीला शिकवलंय. गार झालेला कांदा बोटांत घ्यायचा, चुरला तर झाला, दुमडला तर परत कढईत. ती माझ्यापेक्षा कडक आहे.

धंद्याच्या गप्पांत लिज्जतचं उदाहरण हमखास निघतं, की १९५९ साल, गिरगावातल्या ७ बायका आणि ८० रुपये उसने. मला मात्र त्यातला वजनकाटा आवडतो. पीठ मोजून घरी न्यायचं, लाटलेले पापड मोजून परत द्यायचे, मजुरी घ्यायची. ८० रुपयांची गोष्ट सगळे सांगतात, काट्याची कुणी सांगत नाही.

माझी न्यू जर्सीची मावसबहीण "इकडे पाठव ना" म्हणते, ते वहीत तीन श्रावण पडून आहे. यंदा त्याच्यापुढे एवढंच लिहिलं, 'आधी २०० ग्रॅमचं पाकीट सहा महिने गाळ्यात ठेवून बघ, गुठळी धरते का.' ठेवलंय. अजून दोन महिने बाकी आहेत.