गुरुजींनी लिहिलेली तारीख

चिनू,

गुरुजी गेल्याचा निरोप आला त्याच आठवड्यात तू आजीच्या आणि काकांच्या व्हिसाचे फॉर्म भरत होतास. दोघांचीही जन्मतारीख १ जून बघून तू विचारलंस, "आई, तुमच्याकडे मूल कधी जन्मलं याची कुणाला पर्वाच नव्हती का?" मनाला लागलं ते. काकांची तारीख गुरुजींनीच लिहिलेली आहे, म्हणून सावकाश लिहून सांगते.

पर्वा होती रे. आजीचा जन्म नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा, हे पणजीला तिथी-वारासकट पाठ होतं. सुईण कोण होती, ओढ्याला पाणी किती होतं, तेही ती सांगायची. पण बाळंतपणं घरात व्हायची आणि जन्माची नोंद करायला कुणी उठून जात नसे. मूल कागदावर पहिल्यांदा यायचं ते शाळेत नाव घालताना.

पाटण तालुक्यातल्या आपल्या वाड्यांवर गुरुजी मे महिन्याच्या अखेरीस घरोघर फिरायचे. मूल दिसलं की म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला तर सहा वर्षांचं झालं असं धरायचं. ही परीक्षा काही पक्की नव्हे. उंचाड्या अंगाचं मूल पाचव्या वर्षीच कान धरतं, आणि पोटाला कमी मिळालेलं सातव्या वर्षीही चाचपडतं. म्हणून गुरुजी दुधाचे दात पडलेत का बघायचे आणि मग आईला विचारायचे: दुष्काळाच्या आधी की नंतर? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पोटात होतं की मांडीवर? त्यावरून साल निघायचं. दिवस आणि महिना मात्र १ जून, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि पहिलीत बसायला सहा वर्षं पुरी लागायची.

काकांचंच बघ. भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ ला, सोमवारी पहाटे. काका पुढच्या सोमवारचे. खरी तारीख लिहिली असती तर जून १९७३ मध्ये ते साडेपाच वर्षांचे भरले असते आणि एक वर्ष घरी बसले असते. त्या वर्षात हातात गुरांची काठी आली की पोरगं पुन्हा शाळेकडे फिरकत नसे, हे गुरुजींना ठाऊक होतं. त्यांनी १ जून १९६७ लिहिलं, आधी अंकी, मग अक्षरी, म्हणजे पुढे कुणाला खाडाखोड करता येऊ नये.

त्याची किंमत काकांनी मोजली. सरकारी नोकरीतली निवृत्ती ५८ व्या वर्षी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी. पण जन्म १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. म्हणजे ३१ डिसेंबर २०२५ ऐवजी ३१ मे २०२५. सात महिन्यांचा पगार गेला. शाळेच्या जनरल रजिस्टरातली तारीख एकदा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरली की बदलणं फार अवघड. हे बरोबर झालं का? मला अजून नक्की सांगता येत नाही. पण शाळेत गेलेच नसते तर ती नोकरीही नसती, हेही तितकंच खरं.

दोन शिक्षकांची शाळा. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. एका रांगेला पाटीवर शुद्धलेखन द्यायचं, तोवर दुसरीचे पाढे घ्यायचे, संध्याकाळी परवचा. वर जनगणना, मतदार याद्या, निवडणुकीची कामं. गुरुजींची स्वतःची तारीखही १ जूनच, त्यामुळे तेही ३१ मे लाच निवृत्त झाले. नंतर दर नोव्हेंबरला पेन्शनीतल्या म्हाताऱ्यांना घेऊन ते बँकेत जायचे, हयातीच्या दाखल्यासाठी. सही कुठे, अंगठा कुठे, ते समजावून सांगायचे.

दहावा कोयनेच्या काठी झाला. फोनवर तू गर्दी बघितलीस. त्यातले निम्मेअधिक त्यांच्या हाताखाली पहिलीत बसलेले होते. पिंडाला कावळा शिवेना तसे एकेक जण पुढे होऊन हात जोडून सांगत होते, आक्कांचं, म्हणजे गुरुजींच्या बायकोचं, आम्ही बघू, काळजी करू नका. नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून लावतात. तुला ते विचित्र वाटलं असेल. मीही त्यावर वाद घालणार नाही. पण त्या निमित्तानं चार माणसांनी दिलेला शब्द गावासमोर दिलेला असतो, आणि तो मोडणं जड जातं.

आता काका आक्कांच्या कुटुंब निवृत्तिवेतनामागे आहेत. मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आणि पेन्शनच्या कागदावरचं नाव एका अक्षरानं जरी वेगळं असलं तरी काम अडतं, म्हणून त्यांनी दाखला हातात घेण्याआधी तिथेच उभं राहून दोनदा वाचला. ही सवय गुरुजींचीच.

फॉर्मवर १ जूनच राहू दे, पासपोर्टवर तेच आहे. काकांचा खरा दिवस १८ डिसेंबर. त्या दिवशी फोन कर असं मी म्हणत नाही, तुला वाटलं तर कर. आजीसाठी मात्र दर वर्षी कॅलेंडरमध्ये नागपंचमी बघावी लागेल.

तुझी,
आई