बोगदा पडला की विहीर आटते का हो?

प्रश्न: ताई नमस्कार, आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात, समोरच्या डोंगरातनं रस्त्याचा बोगदा जाणार अशी हवा आहे. जुनी माणसं म्हणतात बोगदा पडला की डोंगराचं पाणी उतरतं नि विहिरी आटतात. पोरगा गिरगावात असतो, तो म्हणतो आमच्या खालनं मेट्रो गेली, काय झालं? खरं कोणाचं मानू?

उत्तर: काका, दोघांचंही खरं, कारण बोगद्यांच्या जातीच वेगळ्या. मुंबईच्या मेट्रो ३ ला, साडेतेहतीस किलोमीटरसाठी, १७ टीबीएम, म्हणजे बोगदा खोदणारी यंत्रं, लावली होती. हे मशीन पुढे खडक कुरतडतं आणि मागच्या मागे काँक्रीटची कडी बसवत जातं, सांध्यांत रबर, कड्यांमागच्या फटीत ग्राउट (पातळ सिमेंटचा गारा), त्यामुळे पाण्याला आत यायला वाटच नाही (कुठेतरी ठिबकतं, ते सोडा). पण काय झालं असं पोराने विचारू नये हं, स्टेशनांचे खड्डे वरनंच खणले, पाणी पंपाने उपसलं, गिरगावातच इमारती पाडाव्या लागल्या, आणि ऑक्टोबर २०१९ ला कारशेडसाठी आरेत दोनेक दिवसांत २००० वर झाडं गेली.

डोंगरातले बोगदे आपल्याकडे जास्त करून सुरुंगाचे, कोकण रेल्वेचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा तसाच. तिथे पाणी अडवत नाहीत, गटाराने बाहेर काढतात, नाहीतर भिंतीवर दाब येतो. म्हणजे डोंगराच्या पोटात एक आडवा पाटच झाला की! आपला जांभा चाळणीसारखा, पाऊस त्यातनं मुरतो, खालच्या कातळाच्या भेगांतनं फिरतो नि पायथ्याशी झरा होऊन येतो, ती भेग बोगद्याने कापली तर पाणी तिकडे वळणार. नाही कापली तर काहीच नाही, शेजारशेजारच्या दोन विहिरींतली एक आटेल, दुसरी तशीच. आणि पाणी केवढ्या जोराने घुसतं ते जुलै २०२४ मध्ये गोव्यातल्या पेडण्याच्या रेल्वे बोगद्यात बघितलंच, गाड्या बंद पडल्या होत्या.

आता एक करा, काम सुरू व्हायच्या आधीच. दोरीला दगड बांधून दर पंधरा दिवसांनी काठापासून पाण्यापर्यंत मोजा नि तारीख घालून वहीत लिहा, एप्रिल-मेचे आकडे अजिबात चुकवू नका. ही वही नसेल तर उद्या "विहीर आधीपासूनच आटायची" म्हणायला कोणीही मोकळा. सर्व्हेवाले आले की बोगद्याचं अस्तर (आतल्या भिंतीचा थर) पाणी अडवणारं की सोडणारं ते विचारा, आणि खोदलेला दगड-माती कुठे टाकणार तेही, वहाळात ओतला तर पहिल्याच पावसात तुमच्या भातात येईल.