लिलावातली जुनी बोट घ्यावी का?

लिलावात जुनी बोट खरंच स्वस्त मिळते का, असं विचारलंय. मिळते. कर्ज थकल्याने जप्त झालेल्या किंवा विमा कंपनीने भरपाई देऊन ताब्यात घेतलेल्या बोटी तिथे येतात. पण त्या ‘जशी आहे तशी’ विकतात, म्हणून बोलीआधी स्वतः जाऊन बघाच. फायबरच्या तळावर प्लास्टिकच्या हातोडीने हलकेच ठोकत जा; टणक आवाज मध्येच भद्द झाला तर आतले थर सुटले असतील किंवा पाणी मुरलं असेल. इंजिनाची डिपस्टिक, म्हणजे तेल बघायची पट्टी, काढा; तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. खाऱ्या पाण्यात बुडालेलं इंजिन मी तरी घेणार नाही. कागदपत्रांवर कर्जाचा बोजा नाही ना, तपासा. लिलावाचं कमिशन आणि वाहतूक बहुधा वेगळी पडते, ती धरूनच बोलीचा आकडा ठरवा.