तीर्थ समजून पिऊ नका

प्रश्न : ताई, माझा मुलगा जपानात ओसाकाला नोकरीला आहे. दिवाळीनंतर मी आणि सासूबाई महिनाभर त्याच्याकडं जातोय. क्योतोचं फुशिमी इनारी देऊळ बघायचं ठरलंय. सासूबाई 72 वर्षांच्या, गुडघा धरतो. परक्या देवाला हात जोडलेले चालतात का, ही त्यांची शंका. आणि चपला कुठं काढायच्या?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : सासूबाईंना सांगा, इनारी हा भाताचा देव आहे. इसवी सन 711 ची कथा सांगतात, की एका श्रीमंतानं भाताच्या पिठाच्या गोळ्यावर बाण मारला, त्याचा पांढरा पक्षी झाला, तो डोंगरावर जाऊन बसला आणि तिथं भात उगवलं. खानापूरच्या माणसाला हा देव परका कसा वाटेल? मी येळ्ळूरची, भाताच्या चिखलातच वाढले. मी तर सरळ हात जोडले.

दारात दगडी कोल्हे बसलेत. ते देव नव्हेत, देवाचे निरोपे. एकाच्या तोंडात किल्ली दिसेल, ती भाताच्या कोठाराची. आमच्या आजीच्या कनवटीला असायची तशी!

चपला काढू नका. मी सवयीनं पहिल्याच लाल कमानीपाशी काढल्या, तर एक आजोबा घाईघाईनं हातवारे करत आले. कमानीत शिरताना थोडं वाकायचं आणि कडेनं चालायचं, मधली वाट देवाची. पाण्याच्या कुंडाशी आधी डावा हात, मग उजवा धुवायचा. ओंजळीतल्या पाण्यानं चूळ भरून ती बाजूला टाकायची. तीर्थ समजून पिऊ नका. मी प्यायले होते, घरी अजून हसतात. देवापुढं नाणं टाका, घंटा वाजवा, दोनदा वाका, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाका. पाच येनचं नाणं जपून ठेवा. त्याचा उच्चार ‘गो-एन’, आणि ऋणानुबंधालाही तोच शब्द. नारळ, उदबत्ती काही नको.

गुडघ्याचं म्हणाल तर डोंगर 233 मीटरचा, पण सगळ्या पायऱ्या. वरपर्यंत जाऊन यायला दोन-तीन तास लागतात. तो हट्ट सोडा. देवळामागं कमानींची दाट रांग आहे, ती संपते तिथल्या छोट्या देवळापर्यंत हळूहळू जा आणि परत फिरा. जाताना कमानी कोऱ्या दिसतात. परतताना बघा, खांबांवर काळी अक्षरं असतात, एका बाजूला देणाऱ्याचं नाव, दुसऱ्या बाजूला तारीख. आपल्याकडं देवळाच्या पायरीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असतं ना, तसंच. फक्त आपण पंख्याच्या पात्यावरसुद्धा लिहितो.

तिकीट नाही, दार रात्रंदिवस उघडं. क्योतो स्टेशनावरून नारा मार्गाची लोकल धरा, इनारी हे दुसरं स्टेशन. बाहेर पडलात की समोरच देऊळ. सकाळी सातच्या आत पोचा, नंतर फोटोवाल्यांची रेटारेटी.

खाण्याचं मात्र जपून. बाहेर भाजलेल्या चिमण्या विकतात, कारण चिमणी भात खाते म्हणून ती शत्रू! तळलेल्या टोफूच्या (सोयाबीनच्या पनीरच्या) पिशवीत भात भरलेली ‘इनारीझुशी’ शाकाहारी दिसते, पण तो टोफू बहुतेकदा माशाच्या पाण्यात शिजवलेला असतो. सासूबाईंसाठी दशम्या आणि शेंगाचटणी घरूनच बांधून न्या.