खाणींप्रमाणे बॅटरी रिसायकलिंगलाही पर्यावरणाच्या नियमांतून सूट द्यावी का?

आपला प्रश्न असा आहे की, सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने अणुखनिजे आणि महत्त्वाची खनिजे काढणाऱ्या खाण प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले आणि त्याच महिन्यात अशा खनिजांच्या रिसायकलिंगसाठी १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तेव्हा जुन्या बॅटऱ्यांतून लिथियम, कोबाल्ट काढणाऱ्या कारखान्यांनाही प्रदूषणाच्या नियमांतून काही वर्षे सूट दिली, तर हा उद्योग वेगाने वाढून आपले चीनवरचे अवलंबित्व कमी होईल का? आपले एक स्नेही या धंद्यात पैसे घालण्याच्या विचारात आहेत, असेही आपण लिहिले आहे.

माझे उत्तर नाही असे आहे. सूट दिली तर हा उद्योग वाढणार नाही. आज जो थोडाफार सरळ मार्गाने उभा राहिला आहे तोही बसेल. खाणींना दिलेली सूट मला मुळीच पटलेली नाही, पण तो विषय बाजूला ठेवला तरी खाण आणि रिसायकलिंग यांना एक न्याय लावता येत नाही. खाणीतले खनिज जमिनीत असते आणि नियम कडक असोत वा सैल, ते तिथून हलत नाही. रिसायकलिंग करणाऱ्याचा कच्चा माल लाखो घरांत, गॅरेजांत आणि भंगाराच्या दुकानांत विखुरलेला असतो, आणि तो त्याच्या दारापर्यंत येतो तो केवळ नियम आहे म्हणून. नियम काढून घेतला की तो माल जो जास्त भाव देईल त्याच्याकडे जातो, आणि जास्त भाव नेहमी तोच देऊ शकतो ज्याला धूर, सांडपाणी आणि कामगारांचे हात यांवर एक पैसाही खर्च करायचा नसतो.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. मी रसायनशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर. काही वर्षे शिसे गाळणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केल्यानंतर माझ्या मावसभावाबरोबर, ज्यांना मी दादा म्हणतो, पुणे जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये लिथियम बॅटऱ्यांचा छोटा कारखाना सुरू केला. मोबाइल, लॅपटॉप आणि पुढे दुचाकींच्या बॅटऱ्या आणायच्या, त्या पूर्ण डिस्चार्ज करायच्या, नायट्रोजनच्या वातावरणात श्रेडरमधून, म्हणजे तुकडे करणाऱ्या यंत्रातून, काढायच्या, तांबे आणि ॲल्युमिनियम वेगळे करायचे आणि उरलेली काळी पूड, म्हणजे ब्लॅक मास, धातू काढणाऱ्या मोठ्या कारखान्याला विकायची, असे आमचे काम होते. आमच्या वादाचे मूळ एकच होते, ते म्हणजे स्क्रबर, विषारी वायू धुऊन शोषून घेणारे यंत्र. या बॅटऱ्यांच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट असते आणि हवेतली ओल लागताच त्यातून हायड्रोजन फ्लोराइड सुटतो. हा वायू काच खातो आणि कातडीतून आत जाऊन हाडातल्या कॅल्शियमला धरतो. सौम्य प्रमाणात लागला तर सुरुवातीला दुखतही नाही. काही तासांनी ठणका सुरू होतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून मी श्रेडरच्या आधी स्क्रबर घ्यायला लावला होता आणि शेडच्या दाराशी, हात सहज पोहोचेल अशा उंचीवर, कॅल्शियम ग्लुकोनेटच्या मलमाच्या नळ्या टांगून ठेवल्या होत्या. दादांना हा सगळा खर्च डोळ्यांत सलत असे. स्क्रबर भंगारातून एक रुपयाही काढून देत नाही, हे त्यांचे नेहमीचे वाक्य होते.

भाड्याने इलेक्ट्रिक दुचाकी देणाऱ्या एका कंपनीने जुन्या बॅटरी पॅकची मोठी लॉट विक्रीला काढली, तेव्हा हा वाद विकोपाला गेला. आम्ही भाव काढताना नायट्रोजन, स्क्रबरचा चुना, घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी गाळ पाठवण्याचा खर्च, आगीचा विमा आणि मान्यताप्राप्त वाहतूक हे सगळे धरले. ज्याच्याकडे ना कन्सेंट, म्हणजे प्रदूषण मंडळाची संमती, होती ना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोंदणी, अशा एका भंगार व्यापाऱ्याने आमच्यापेक्षा बराच चढा भाव देऊन माल उचलला. पुढे काही आठवड्यांनी त्याच लॉटमधला माल आमच्याच दारात आला, पण बॅटरीच्या नव्हे तर पुडीच्या रूपात. खताच्या जुन्या गोण्यांत भरलेली, ओलसर, गोळे झालेली काळी पूड, तोंडाशी सुतळीने शिवलेली, आणि गोणी उघडताच नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा गोडसर उग्र वास. व्यापाऱ्याने तांबे आणि ॲल्युमिनियम स्वतःकडे ठेवले होते आणि पुडीचे काय करायचे हे त्याला ठाऊक नसल्यामुळे ती आम्हाला स्वस्तात देऊ केली होती.

मी नमुना घेऊन तपासला. पुडीत तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे इतके बारीक तुकडे मिसळले होते की पुढच्या कोणत्याही कारखान्याने ती घेताना निम्मा भाव कापला असता. फ्लोराइड जितके असायला हवे त्याच्या कितीतरी कमी होते, म्हणजे ते कामाच्या जागीच हवेत आणि पाण्यात गेले होते. लिथियमही कमी भरले, कारण धूळ बसावी म्हणून पूड पाण्याने धुतली होती, आणि पाण्यात विरघळणारे जेवढे लिथियम होते ते त्या पाण्याबरोबर गटारात गेले होते. हा मुद्दा आपण नीट लक्षात घ्यावा, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यातच आहे. ज्या खनिजासाठी देश योजना आखतो आहे, नेमके तेच खनिज नियम न पाळणाऱ्या पद्धतीत वाया जाते. हातोड्याने फोडणाऱ्याला तांबे आणि ॲल्युमिनियम दिसते, ते तो वेचतो. लिथियम, कोबाल्ट आणि निकेल काढायला गंधकाम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड, सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन (द्रावकाने एकेक धातू वेगळा करणे) आणि सांडपाण्याची चोख व्यवस्था लागते, आणि ती त्याच्याकडे नसते.

मी त्या व्यापाऱ्याच्या शेडवर गेलो. विशीतला एक मुलगा उघड्या हातांनी सेल सोलत होता. त्याच्या बोटांची टोके पांढरी पडून सुजली होती आणि रात्री नखांखाली ठणकते असे तो सांगत होता. मी मलमाची नळी त्याला दिली, ती कशी आणि किती वेळ चोळायची ते दाखवले आणि त्याच दिवशी रुग्णालयात जायला लावले. परत आल्यावर दादांना सगळे सांगितले, तर ते म्हणाले, "बघ, त्याला कोणी विचारत नाही आणि आपल्याला मात्र दर सहा महिन्यांनी तपासणीचे अहवाल द्यावे लागतात. हे नियमच आपला गळा आवळतात." मी म्हणालो की आपला गळा नियमाने नव्हे, तो नियम त्या शेडपर्यंत न पोहोचल्यामुळे आवळला जातो आहे. आमची भागीदारी त्यानंतर फार काळ टिकली नाही. आजही घरच्या कार्यात भेटलो की हा विषय निघतो आणि दादा तेच म्हणतात जे आपण प्रश्नात लिहिले आहे, म्हणून मी इतके सविस्तर लिहीत आहे.

नियम सैल असताना रिसायकलिंग भरपूर होते, असा युक्तिवाद करणारे शिशाच्या बॅटऱ्यांचे उदाहरण देतात. ते उदाहरण मी जवळून पाहिले आहे. शिसे सहज वितळते, त्यामुळे जुनी शिशाची बॅटरी कोणी टाकून देत नाही आणि परत मिळवण्याचे प्रमाण खरोखरच मोठे आहे. पण २००१ पासून नियम असूनही गल्लीबोळांतल्या भट्ट्या बंद झाल्या नाहीत, आणि त्याचा हिशेब युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये मांडला. भारतातील सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक असल्याचा त्यांचा अंदाज आहे, आणि त्याच्या प्रमुख कारणांत बॅटऱ्यांची बेकायदा भट्टी आहे. लिथियमच्या बाबतीत हीच वाट पुन्हा चालायची असेल तरच सूट देण्याचा विचार करावा. शिवाय २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लिथियम-आयन बॅटरीच्या भंगारावरील सीमाशुल्क पूर्ण माफ झाले आहे. त्यावर प्रदूषणाचे बंधनही उठवले, तर कोणत्या देशाला आपला कचरा इकडे पाठवावासा वाटणार नाही?

युरोपने याच काळात काय केले तेही पाहावे. २०२३ च्या बॅटरी कायद्यात त्यांनी २०२७ अखेर टाकाऊ बॅटऱ्यांतून कोबाल्ट, निकेल आणि तांबे प्रत्येकी ९० टक्के आणि लिथियम ५० टक्के परत मिळवण्याचे बंधन घातले, आणि मार्च २०२५ मध्ये ब्लॅक मासला घातक कचऱ्याच्या यादीत टाकले, ज्यामुळे ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटाबाहेर तो पाठवण्याचा रस्ता बंद होतो. खनिज हातचे जाऊ नये म्हणून त्यांनी पर्यावरणाचा नियम अधिक आवळला. आपल्याकडील २०२२ चे बॅटरी कचरा नियमही याच दिशेचे आहेत. इलेक्ट्रिक वाहनांच्या आणि छोट्या बॅटऱ्यांतील साहित्य परत मिळवण्याचे किमान प्रमाण २०२४-२५ साठी ७० टक्के, पुढच्या वर्षी ८० आणि २०२६-२७ पासून ९० टक्के ठरवले आहे, आणि २०२७-२८ पासून नव्या बॅटरीत किमान ५ टक्के पुनर्प्राप्त साहित्य वापरणे बंधनकारक होणार आहे. गाडी विकणाऱ्या कंपनीला आमच्यासारख्यांकडून ईपीआर प्रमाणपत्र, म्हणजे विकलेल्या बॅटऱ्यांच्या कचऱ्याची उत्पादकाची जबाबदारी पार पाडल्याचा दाखला, घ्यावे लागते ते या नियमामुळेच. त्यातली जबाबदारी सैल करा, की प्रमाणपत्राची किंमत शून्य होते आणि त्याबरोबर आमची निम्मी कमाई जाते.

१,५०० कोटींच्या योजनेबद्दल माझे मत चांगले आहे. यंत्रसामग्रीवर २० टक्के अनुदान, पुढे चालवण्याच्या खर्चावर टप्प्याटप्प्याने अनुदान, एकूण रकमेचा तिसरा भाग लहान आणि नव्या कारखान्यांसाठी राखीव, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नुसता ब्लॅक मास करणाऱ्याला नव्हे, तर प्रत्यक्ष खनिज काढणाऱ्यालाच लाभ. ही शेवटची अट मी स्वतः ब्लॅक मास विकत आलो असूनही मला योग्य वाटते. परंतु अनुदानाने यंत्र येते, भंगार येत नाही. भंगार आणण्यासाठी बेकायदा शेड बंद कराव्या लागतील किंवा, मला अधिक पसंत असलेला मार्ग म्हणजे, तिथल्या माणसांना केवळ गोळा करण्याच्या आणि वर्गवारीच्या कामात नोंदणीसह आणून फोडण्याचे काम त्यांच्याकडून काढून घ्यावे लागेल.

काही गोष्टी दुसऱ्या बाजूनेही सांगायला हव्यात. परवानगीला लागणारा वेळ, बॅटरीचे वेगळे नियम आणि घातक कचऱ्याचे २०१६ चे वेगळे नियम, त्यांची वेगवेगळी पोर्टल आणि विवरणपत्रे, यांत लहान उद्योजक थकून जातो आणि इथे सुधारणा झालीच पाहिजे. ती सूट नव्हे. कागदावरचा नियमही पुरेसा नसतो. प्लास्टिकच्या ईपीआरमध्ये २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत सहा लाखांहून अधिक बनावट प्रमाणपत्रे सापडली होती. आणि लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटऱ्यांचा प्रश्न केवळ नियमाने सुटणार नाही, कारण त्यांत ना कोबाल्ट असते ना निकेल, सगळी भिस्त लिथियमच्या भावावर. लिथियम कार्बोनेटचा चीनमधील भाव नोव्हेंबर २०२२ मध्ये टनाला सुमारे ६ लाख युआन होता, तो २०२५ च्या मध्यात ६० हजारांच्याही खाली उतरला. अशा वेळी एलएफपी फोडणाऱ्याला चालवण्याच्या खर्चावरील अनुदानाशिवाय तग धरता येत नाही.

चीनबद्दल थोडक्यात सांगतो. योजनेचे उद्दिष्ट वर्षाला सुमारे ४० हजार टन खनिजे मिळवण्याचे आहे आणि ते पूर्ण झाले तर मोलाचेच आहे. पण आज रस्त्यावर उतरलेली गाडी भंगारात यायला आठ-दहा वर्षे लागतात, त्यामुळे या दशकात रिसायकलिंगने आयातीची जागा घ्यावी इतका माल देशात तयारच होणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने निर्यात आवळली ती दुर्मीळ मृदा धातूंची आणि त्यांच्या चुंबकांची, आणि ते वाहनाच्या विद्युत मोटरमध्ये असतात, लिथियम बॅटरीत नसतात.

आपल्या स्नेह्यांना इतकेच सांगावे की प्रकल्प अहवाल करताना स्क्रबर, नायट्रोजन, सांडपाणी आणि गाळ यांचा खर्च पहिल्या पानावर मांडावा, धातू काढताना उरणारे सोडियम सल्फेटचे पाणी कुठे जाणार हे ठरवल्याशिवाय धातू काढण्याच्या विभागाचा विचार करू नये, आणि वाहन कंपनीशी माल पुरवठ्याचा लेखी करार हातात आल्याशिवाय श्रेडरची आगाऊ रक्कम देऊ नये. जो भागीदार पहिल्याच बैठकीत स्क्रबर पुढच्या वर्षी बघू असे म्हणेल, त्याच्याबरोबर करारावर सही करू नये, मग तो नात्यातला असला तरीही.