सत्तरीपुढच्या आई-वडिलांसाठी आयुष्मान कार्ड: पाच लाख प्रत्येकी की दोघांत मिळून?

वडील ७४ चे, आई ७१ ची, वडिलांना पेन्शन आणि वर मेडिक्लेमही. तर सरकारच्या मोफत उपचार योजनेचं हे कार्ड मिळेल का आणि उपचारांसाठी दोघांचे मिळून दहा लाख होतात का, असं तुम्ही विचारलंय.

कार्ड मिळेल, दोघांनाही. ७० वर्षं पूर्ण हवीत, बस्स. उत्पन्न विचारत नाहीत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे, कार्डाचं नाव आयुष्मान वय वंदना. खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतो (आणि तो बंद करायची घाई करू नका). सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर मात्र दोन्हीतलं एकच निवडावं लागतं.

दहा लाख नाहीत. वर्षाला पाच लाख, दोघांत मिळून. एकाचं मोठं ऑपरेशन झालं की त्या वर्षी दुसऱ्यासाठी उरेल तेवढंच.

कार्डाला फक्त आधार लागतं, म्हणून मी निवांत होते. कार्ड काढायच्या केंद्रावर सासूबाईंचा अंगठा काही केल्या लागेना. जन्मभर भांडी घासून रेषाच पुसल्यात. पदराला पुसून पुन्हा ठेवला, तरी नाही. ओटीपी मागवावा तर आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला. शेवटी चेहऱ्यावरून ओळख पटवून काम झालं. तुम्ही आधी तो नंबर तपासा.

खरी मेख पुढे आहे. सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं. जवळच्या हॉस्पिटलबाहेर योजनेचा मोठा फलक, म्हणून तिथेच नेलं. काउंटरवर म्हणाले, "आमच्याकडे योजना आहे, पण हाडांसाठी नाही." कण्हत्या बाईला पुन्हा अँब्युलन्समध्ये घालून दुसरीकडे न्यावं लागलं. म्हणून "तुमच्याकडे योजना आहे का" एवढंच विचारून थांबू नका. कुठल्या आजारासाठी आहे ते विचारा. १४५५५ वर फोन करून आजच घराजवळची दोन-तीन नावं लिहून ठेवा. दवाखान्यात पोचल्यावर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या तिथल्या माणसाला, गाठा. उपचाराची मंजुरी तिथूनच पुढे जाते.

जुनं दुखणं, बीपी, शुगर पहिल्या दिवसापासून धरतात, थांबायची मुदत नाही. पण म्हणजे या आजारांसाठी भरती व्हावं लागलं तर. ओपीडीची तपासणी आणि महिन्याच्या गोळ्या आपल्याच खिशातून.

आणि एक, जे मला उशिरा कळलं. भरतीआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, यातली औषधं-तपासण्याही त्याच पॅकेजात, म्हणजे त्या उपचाराच्या ठरलेल्या रकमेत, येतात. आम्ही आठवडाभर मेडिकलमधून पैसे मोजून आणत होतो. शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या मुलाने फोनवर सहज विचारलं, "तुम्ही का विकत घेताय?" तेव्हा कुठे उजेड पडला.